मिस्त्रींचं भेव

हिंगणघाटच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी नोकरीला लागलो, तिथले रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसचे मिस्त्री हे मी पाहिलेले सगळ्यात भित्रे गृहस्थ. हे मी त्यांच्या पाठीमागे म्हणतोय असं समजू नका. ते स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचे. तळेगावच्या एका मास्तरांचा मुलगा मी, नवाकोरा डिप्लोमा आणि नवेकोरे बूट घेऊन पहिल्या दिवशी प्रेस हॉलमध्ये शिरलो, तेव्हा रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशांचा हा उंचापुरा माणूस लोखंडी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर दोन्ही हातांनी कठडा धरून डोळे मिटून उभा होता. मी अदबीनं म्हटलं, "नमस्कार, मी नवीन शिफ्ट इन्चार्ज."

"तू कोण हायेस ते मंग सांगजो," ते डोळे न उघडता म्हणाले. "पह्यले मले खाली घे."

त्यांना कुत्र्याची भीती वाटायची, म्हणून ते घरून कारखान्यात येताना बाजाराचा लांबचा वळसा घ्यायचे आणि बाराही महिने हातात छत्री ठेवायचे. पालीची वाटायची. इंजेक्शनची, पोलिसाची, उघड्या वायरीची, शेठच्या मोटारीच्या हॉर्नची वाटायची. एकदा भाचीच्या लग्नाची खरेदी करायला नागपूरला गेले, तर सगळं घर मॉलच्या सरकत्या जिन्यानं वर गेलं आणि हे दोन तास खालीच पिशव्या धरून बसले. परत आल्यावर हे सगळं त्यांनी आम्हाला जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगितलं. लाज म्हणून नाही.

मिस्त्री ख्रिस्ती होते. रोज सकाळी प्रेस सुरू करण्याआधी ते डोक्यावरची टोपी काढायचे, मिशीत अडकलेली रुई झटकायचे आणि बटनाच्या पेटीसमोर उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात प्रार्थना करायचे. प्रार्थना म्हणजे तरी काय, आमच्याकडे शिफ्ट संपल्यावर जसा रिपोर्ट देतात तसा तो रिपोर्ट असायचा.

"प्रभू, आज मले चौकातल्या काल्या कुत्र्याचं भेव हाये. वरच्या पट्ट्याचा आवाज बदलला, त्याचं भेव हाये. बायकोची शुगर वाढली, त्याचं लय भेव हाये. शेठ आज येणार हाये, त्याचं बी हाये. हे सगळं तुह्यापाशी ठेवलं. आता तू पाह्य. आमेन."

मागून एखादा हमाल ओरडायचा, "मिस्त्री, पालीचं राह्यलं!"

"हो बाप्पा," म्हणून ते परत डोळे मिटायचे आणि पालीचंही सांगून टाकायचे. मग टोपी घालून हुकूम, "चला, दाबा बटन."

मी एकदा विचारलं, "काका, हे असं मोठ्यानं काऊन सांगता? लोक हसतात ना."

"पोटात ठेवून काय करू? तथी जागा दुसऱ्या गोष्टीले लागते."

मला हे पटायचं नाही. मीही भित्राच होतो, पण माझ्या भीतीला इस्त्री केलेली होती. वडिलांच्या पेन्शनवर घर चाललेलं, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं. ही नोकरी गेली तर काय, शेठ नाराज झाले तर काय, माझ्या बरोबरीचे लोक पुण्याला जाऊन पुढे गेले तर काय, असं सतत मनात चालायचं. फोनवर शेठचं नाव उमटलं की मी खुर्चीतून उठून उभा राहायचो आणि हसऱ्या आवाजात "बोला शेठजी" म्हणायचो. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

"कसं काय मिस्त्री?" असं कुणीही विचारलं की त्यांचं उत्तर एकच असायचं, "भरपूर." डब्यात ज्वारीची भाकर, कांदा आणि जवसाची चटणी. चपलेला तारेचा टाका. राहायला वणा नदीच्या बाजूला दोन खोल्या, त्यातली एक पावसाळ्यात गळायची. आणि तरी भरपूर. नवीन लोकांना वाटायचं, म्हातारा चेष्टा करतोय.

शेठनं सेलूकडे नवीन युनिट टाकलं, तेव्हा पेढ्यांचा डबा घेऊन तो स्वतः प्रेस हॉलमध्ये आला होता. शेठ कुणाकडे स्वतः जात नसे, म्हणून आम्ही सगळे बघत राहिलो. तिथला सगळा कारभार मिस्त्रींनी सांभाळावा, क्वार्टर मिळेल, गाडी मिळेल, पगार इथल्यापेक्षा पुष्कळ जास्त. फक्त हंगामात सुट्टी नाही.

मिस्त्रींनी पेढा घेतला, खाल्ला, आणि म्हणाले, "शेठ, मले रविवारी प्रार्थनेले जावं लागते. अन् मले अथीच भरपूर हाये जी."

शेठ हसला. तो हसतो तेव्हा त्याचे डोळे समोरच्या माणसावरून फिरत असतात, बाजारात ढिगात हात घालून कापूस पाहतात तसे. त्या दिवशी ते डोळे मिस्त्रींवर बराच वेळ फिरले आणि त्यांना धरायला काही मिळालं नाही, असं मला वाटलं.

"तुमच्या काकांनी मले इचारलं बी नाई," काकू, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, मला नाताळच्या फराळाला सांगत होत्या. "मले न गळणारी एक खोली पाहिजे होती जी. तीन दिवस बोलली नाई मी यांच्याशी. मंग चौथ्या दिवशी दोघं प्रार्थनेले बसलो, तं हे डोळे मिटून म्हणते का, प्रभू, मले बायकोचं लय भेव हाये. मलेच हसू फुटलं. हसल्यावर कुठी भांडता येते?"

नाताळला मिस्त्रींच्या घरी अख्खी प्रेसची पाळी जेवायला असायची. करंज्या, चकल्या, अनारसे, दारात कागदाचा चांदणीचा कंदील, त्यात बारका बल्ब. मेणबत्ती मात्र एकही नाही. रुईत काम करणाऱ्या माणसाच्या घरी उघडी ज्योत नको, असा त्यांचा नियम. चर्चमध्येसुद्धा ते वेदीवरच्या मेणबत्त्यांपासून सगळ्यात लांब, शेवटच्या बाकावर दाराशी बसायचे.

त्या फराळाच्या दिवशीच मला कळलं की तरुणपणी त्यांचे स्वतःचे दोन ट्रक होते. कापसाच्या वाहतुकीचा धंदा जोरात होता आणि तिसऱ्या ट्रकचं बोलणं चालू होतं.

"तवा मी कोणालेच भेत नव्हतो," मिस्त्री करंजी मोडत म्हणाले. "कुत्र्याले लाथ मारत जाय. घरी ख्रिस्ती होतो, पण चर्चात फक्त नाताळले. अन् आतून कसा होतो सांगू? रस्त्यावर भोंगा वाजला का वाटे, माह्याच ट्रकचा अॅक्सिडेंट झाला. जेवाले बसलो का घास फिरे. जितकं वाढे तितकं भेव वाढे. मंग मोठ्या बहिणीनं एक दिवस प्रार्थनेले ओढून नेलं. तथी सगळे आपापलं सांगत होते. माही पाळी आली, तं माह्या तोंडातून निंघालं का, प्रभू, मले भेव वाटते. बस. इतकंच. तासभर रडलो, तिशीतला घोडा."

"मग भीती गेली?"

"कुठी जाते! तुह्यासमोर तं हाये. पण आता ते माह्यावर बसत नाई. मी त्याले उचलून नेतो, तथी ठेवतो. हात रिकामे झाले का जे भेटते ना बाबू, ते लय हाये. ते कमी होत नाई. ट्रक इकून टाकले मंग. ते चालवाले जे भेव लागते, तेच माह्यापाशी राह्यलं नाई."

मी करंजी खात मान हलवली. मनात म्हटलं, विकले काय, बुडाले असतील.

आता त्या रविवारचं सांगतो. त्याच्याआधी एक सांगायला हवं. पहिल्याच दिवशी, शिडीवरून खाली घेतल्यावर, मिस्त्री मला हाताला धरून गोडाऊनच्या मागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेले होते. तिथे चुन्यानं एक मोठा चौकोन आखलेला होता.

"हे ध्यानात ठेव. जिनात ठिणगी पडली, लहानशी का असंना, विझवली का असंना, त्याच्यानंतर दाबलेली एकबी गाठ गोडाऊनात नेऊ नको. अथी उघड्यावर ठेवजो, दहा दिवस. ठिणगी गाठीत दाबल्या गेली का मरत नाई. धूर देत नाई, वास देत नाई, आतल्या आत रुई खात बसते. अन् तिले हवा भेटली का मंग देवच पाह्यते."

असा हा साधा नियम. कापसाच्या कारखान्यातलं शेंबडं पोरही तो जाणतं.

माझ्या नोकरीला काही वर्षं झाली होती. जानेवारीतला रविवार होता. मिस्त्री चर्चमध्ये, फोन बंद. अकराच्या सुमारास सरकी वेगळी करणाऱ्या एका जिनमध्ये कापसातून खडा आला, पात्याला घासला आणि ठिणगी उडाली. पोरांनी ओली पोती टाकून पाच मिनिटांत विझवली. अर्ध्या तासानं काम पुन्हा सुरू झालं आणि त्या पाळीत अकरा गाठी दाबल्या गेल्या.

आदल्याच दिवशी शेठचा फोन आला होता. बुधवारी मोठा व्यापारी माल बघायला येतोय, सगळं चोख पाहिजे. आणि बोलता बोलता, पाडव्याला मॅनेजरची खुर्ची कुणाला तरी द्यायची आहे. अकरा गाठी चुन्याच्या चौकोनात ठेवल्या की रजिस्टरमध्ये आगीची नोंद आली, विम्याचा माणूस आला, आणि व्यापाऱ्याला त्या बाहेर दिसल्या. माझ्या डोळ्यासमोर ती खुर्ची मागे मागे सरकायला लागली.

हमालांचा मुकादम गाडी घेऊन थांबला होता. "साहेब, मिस्त्री म्हणते अशा गाठी बाहेर..."

"मिस्त्री आज कुठं आहेत?" मी म्हटलं आणि गोडाऊनकडे हात दाखवला. "आत घ्या."

त्यानं आत घेतल्या. शेकडो गाठींच्या थप्पीत त्या अकरा मिसळून गेल्या.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. दर तासाला मी गोडाऊनमध्ये जाऊन उभा राहायचो आणि हवा हुंगायचो. कधी जळकं वाटायचं, कधी काहीच नाही. दाराशी गाठींचं कापड शिवणाऱ्या सात-आठ बायका बसत. गप्पा मारत, एकमेकींच्या सुनांची नक्कल करत. आग लागली तर त्या दारातून त्यांना निघता येईल का, याचा मी हिशेब करायचो आणि मग मुकाट्यानं ऑफिसात येऊन बसायचो. तोंड उघडलं की खुर्ची गेली. न उघडलं तर काय जाईल, ते मनात आणायचं धाडस नव्हतं. व्यापाऱ्याचं येणं दोन दिवस पुढे गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू यायचंच बाकी राहिलं.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मिस्त्रींसमोर जाऊन उभा राहिलो. "काका," म्हटलं, "रविवारी ठिणगी पडली होती. गाठी मी आत घेतल्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. हातातली भाकर डब्यात ठेवली. "किती गाठी?"

"अकरा."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांना उठवेना. मी हात दिला तेव्हा कळलं की त्यांचं सगळं अंग कापतंय. "बायकांले पह्यले बाहेर काढ," ते म्हणाले. "चहाले पाठव, कायबी सांग."

बायका गेल्या. दुपारचं ऊन पत्र्यावर तापलं होतं. मिस्त्रींनी गोडाऊनच्या दाराशी टोपी काढली. या खेपेला रिपोर्ट मोठा नव्हता. "प्रभू, मले आत जावं लागते अन् मले लय भेव वाटते," एवढंच म्हणून ते आत शिरले. मी रजिस्टरमधून त्या अकरा गाठींचे नंबर वाचत होतो, ते एकेका गाठीवर तळहात टेकवत होते, नाक लावत होते, कान लावत होते.

"बोलत राह्य बाबू. थांबू नको. तुहा आवाज आला का बरं वाटते."

मी नंबर वाचत राहिलो. सात गाठी थंड निघाल्या. आठवी थंड. नवव्या गाठीला आवळलेल्या लोखंडी पट्टीला त्यांचं बोट लागलं आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला. पट्टी पोळत होती.

"हेच," ते हलकेच म्हणाले. मोठ्यानं बोललं तर ती गाठ जागी होईल, असं वाटत असावं.

हमालांनी ती गाठ गाडीवर घेतली. गोडाऊनचं दार ते चुन्याचा चौकोन, हे अंतर मी रोज दहा वेळा चालायचो. त्या दिवशी ते संपता संपेना. मिस्त्री गाडीच्या शेजारून चालत होते, गाठीवर हात ठेवून. चौकोनात नेऊन, पाण्याचे पाइप धरून, लांबून पट्ट्या तोडल्या. गाठ फुगली, उकलली आणि तिच्या पोटातून माणसाच्या उंचीचा जाळ उभा राहिला. पाणी मारून तो विझेपर्यंत मला माझा श्वास ऐकू येत नव्हता. मिस्त्री कडुनिंबामागे जाऊन ओकले. उरलेल्या दोन थंड होत्या, पण दहाही गाठी बाहेर काढून चौकोनात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनं आम्हा दोघांना वर केबिनमध्ये बोलावलं. मिस्त्री म्हणाले, "शेठ, मी रविवारी नव्हतो. जो होता त्याले इचारा." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

शेठ माझ्याकडे वळला. "अशा गाठी बाहेर ठेवा लागते, हे तुले कोणी सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

फक्त तेवढंच. मिस्त्रींनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. ते घाबरले होते. नोकरीच्या काळजीनं घाबरले असतील, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

"म्हंजे मिस्त्रीनं शिकवलंच नाई," शेठ म्हणाला. "शिकवन कवा? रविवारी हा गाणे म्हणत बसते. पाह्य मिस्त्री, एक मोका देतो. रविवारी येत असशीन तं राह्य."

मिस्त्रींचे गुडघे पायजम्यातून हललेले मला दिसले. "मले भेव वाटून राह्यलं शेठ. घरी काय सांगू याचं बी वाटते. पण रविवारचं नाई जमत जी." आणि हात जोडून, कठडा धरत धरत, ते जिना उतरून गेले. त्याच दुपारी प्रेस हॉलमध्ये सगळ्यांना सांगण्यात आलं की मिस्त्रींच्या हलगर्जीपणामुळे आग लागता लागता राहिली. ते ऐकताना मी तिथेच होतो.

पाडव्याला मी मॅनेजर झालो. कारखान्याच्या आवारातलं क्वार्टर मिळालं, गाडी मिळाली, मुलीला शेठ ज्या शाळेच्या कमिटीवर होता तिथे जागा मिळाली, बायकोला त्याच्या ओळखीनं पतसंस्थेत नोकरी लागली. घरी सत्यनारायण घातला. आणि मला घरात जळका वास यायला लागला. जेवताना, आंघोळ करताना, मुलीचा अभ्यास घेताना. बायको म्हणायची, "काहीच तर नाही." मी उठून सगळ्या खोल्या बघून यायचो, गॅस बघायचो, मीटरच्या पेटीला हात लावून बघायचो.

मिस्त्री नागपूर रोडवर टपरीवजा जागेत फवारणीचे पंप दुरुस्त करत. मी अधूनमधून जायचो, काहीतरी निमित्त काढून. "कसं काय काका?" "भरपूर." मग काकूंना हाक मारून चहा. ते त्या गुरुवारबद्दल कधी चकार शब्द काढायचे नाहीत. दोन वर्षांनी एकदा मीच विचारलं, "काका, तुम्हाले माहा राग नाई येत?"

"येते ना!" ते पंपाचं नोझल फुंकत म्हणाले. "लय आला. पह्यले दोन महिने रोज सकाळी तुह्यंच नाव. प्रभू, या पोराचा मले राग येते, राग येते, राग येते. प्रभू बी वैतागला असन."

"अन् आता?"

"आता बी रोज सांगतो. पण आता रागाचं नाई सांगत." त्यांनी नोझल खाली ठेवलं. "तुह्यं भेव वाटते मले बाबू. तू कसा होऊन राह्यला, ते पाह्यलं का कुत्र्यापेक्षा तुह्यं जास्त वाटते. त्या दिवशी शेठपुढं बी तेच वाटलं होतं. म्हटलं, ह्या पोराच्या पोटात गेलं आता."

मी चहा तसाच ठेवून उठलो. गाडी सरळ कारखान्यात आणली, जिना चढून शेठच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मला नियम माहीत होता. मी गाठी आत घ्यायला लावल्या. मी खोटं बोललो. मिस्त्रींना परत बोलवा.

शेठनं मोबाइल बाजूला ठेवला. "बस," म्हणाला. "प्रेस हॉलात कॅमेरा मी कोणासाठी लावला? त्याच दिवशी पाह्यलं. मुकादम थांबला, तू हात दाखवला, गाठी आत गेल्या. अन् मिस्त्रीनं शिकवलं नाई, हे मी मानीन का? त्यानं तं मलेबी शिकवलं."

मी खुर्ची ओढून बसलो. "मग मला मॅनेजर का केलं?"

"तूच पाहिजे होता म्हणून. मिस्त्री हुशार हाये, इमानदार हाये. पण त्याचं मी काय काढून घेऊ? सेलू देत होतो तं घेतलं नाई. नोकरी घेतली तं नमस्कार करून गेला. पाय कापत होते, तरी गेला. असा माणूस मले नाई परवडत." शेठचा आवाज अगदी मायेचा होता. "तुह्यं तसं नाई. तुह्यं काय काय काढता येते, सांगू?"

त्यानं डावा हात टेबलावर उघडून ठेवला आणि एकेक बोट मिटायला सुरुवात केली. "क्वार्टर. गाडी. तुह्यं केबिन. पोरीची शाळा. बायकोची नोकरी." पाच बोटं झाली. उजव्या हाताचा अंगठा वर केला. "अन् बजारात लोक नमस्कार करते ना तुले, तो."

तिथे तो थांबला. मी पुढच्या बोटाची वाट पाहत बसलो होतो. माझ्याकडे अजून काहीतरी असेल, जे त्याच्या बोटावर येणार नाही, असं मला वाटत होतं. मी मनातल्या मनात शोधलं, खरंच शोधलं. काही नव्हतं. पुष्कळ वर्षं राबून मी जे जे मिळवलं होतं, ते सगळं त्याच्या सहा बोटांत मावलं होतं.

"जाय," शेठ म्हणाला. "कामाले लाग."

मी जिना उतरलो. तीन वाजले होते, पाळी बदलत होती. मशीन बंद होती आणि दोन्ही पाळ्यांची माणसं प्रेस हॉलमध्ये जमली होती. हमाल होते, मुकादम होता, कापड शिवणाऱ्या बायका होत्या. मी बटनाच्या पेटीपाशी उभा राहिलो.

"त्या रविवारच्या गाठी आत घ्यायला मी सांगितलं होतं," मी म्हटलं.

मग एकेक जण माझ्या डोक्यावरून वर बघायला लागला, म्हणून मीही वळून पाहिलं. शेठ केबिनमधून बाहेर येऊन गॅलरीत उभा होता. रागावलेला दिसत नव्हता. त्यानं डावा हात वर धरला आणि मला दिसेल असं, सावकाश, पहिलं बोट मिटलं.

मुलगी, बायको, आवारातलं घर, सगळं डोळ्यासमोरून गेलं. मी शेजारच्या शिडीचा कठडा धरला आणि पुन्हा माणसांकडे वळलो.

"मिस्त्रींनी मला ते पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."